रुखवतातल्या बाटल्या आणि हिलालनानांची बुचं

हिलालनाना सकाळी चहाच्याही आधी बाटली तोंडाला लावतात, अशी बोलवा शिरपुरात उठली तेव्हा मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की भिंतीला भिंत लागून घर माझं आणि बातमी मला कळली ती बसस्टँडवरच्या पानटपरीवर. शेजाऱ्याचा मान म्हणून काही असतो की नाही?

सांगणाऱ्याने पुरावेही दिले. नानांच्या घराच्या बाभळीच्या कुंपणाला रिकाम्या बाटल्या उलट्या अडकवलेल्या असतात. त्यांचे डोळे बाराही महिने लाल. बसल्या जागी ते पुढे-मागे झुलतात. आणि बाटली तोंडाला लावताना तर पाहुण्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आता गंमत अशी की यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नाना बाटली तोंडाला लावत, पण ती रिकामी असे आणि तिच्यातून ते काही ओढत नसत, उलट तिच्यात फुंकत. धड बाटलीच्या काठावरून आडवी फुंकर मारली की ती घुमते. काठाला चीर असली की नुसती फुसफुसते. नाना व्यवसायाने खरादी, लाकूड कातून बाटल्यांची नक्षीदार बुचं करत. फुसफुसणाऱ्या बाटलीला बूच करणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून हाताशी आलेली प्रत्येक बाटली आधी वाजवून घेत. डोळे लाल होत ते लाकडाच्या भुग्याने. आणि झुलत ते खरादाच्या तालावर. दारूचं म्हणाल, तर हा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून घेई.

हे मी हसत सांगतोय खरं, पण नानांच्या बाबतीत ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. विहारात बुद्धपौर्णिमेला पंचशील द्यायला उभे राहत ते हिलालनाना. आसपासच्या गावांतल्या बौद्ध घरांमध्ये लग्न असलं, नाव ठेवायचं असलं, की बोलावणं येई ते नानांना. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि आवाज असा की मागच्या रांगेतली तान्ही पोरंही गप्प होत. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील तर ते इतकं सावकाश म्हणत, की ज्याला खाली बघायचं त्याला बघायला पुरेसा वेळ मिळे. मीही एकदोनदा बघितलं आहे, पण तो विषय वेगळा.

तर ज्याच्या तोंडून गाव पाचवं शील ऐकतं, त्याच तोंडाला बाटली लागते असं लोक बोलू लागले. नानांचं पणाला लागलं ते हे तोंडच.

नाना मूळचे तापीकाठच्या खेड्यातले. तरुणपणी धुळ्याला एका म्हाताऱ्या खराद्याच्या हाताखाली राहिले. त्याने म्हणे आधी कितीतरी दिवस त्यांना पटाशीला हातच लावू दिला नाही, नुसती वादी ओढायला बसवलं. आता ज्यांनी हा जुना खराद पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन खुंट्यांच्या मध्ये लाकूड आडवं धरतात, त्याला चामड्याच्या वादीचे वेढे देतात आणि समोर बसलेलं माणूस वादीची दोन्ही टोकं आळीपाळीने ओढतं. लाकूड एकदा कातणाऱ्याकडे फिरतं, एकदा उलटं जातं. आपल्याकडे फिरत असेल तेवढ्या क्षणीच पटाशी टेकवायची, उलटं जायला लागलं की मागे घ्यायची. हेच ते झुलणं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने कातायचं, आणि दोघांचा श्वास एक झाला पाहिजे.

शिरपूरला बिऱ्हाड केल्यावर वादी आली भागाबाईंच्या हातात. भागाबाई म्हणजे नानांची बायको. या नवरा-बायकोचं एरवी एका वाक्यावर एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही. भाजीत मीठ किती, पोरीला पत्र कोणी लिहायचं, सगळ्यावर वाद. पण खरादावर बसले की तासन् तास एक शब्द नाही, आणि लाकूड लोण्यासारखं कातलं जाई. भांडण ताजं असलं की मात्र भागाबाई वादीला असा हिसका देत, की नानांची पटाशी सटकून लाकडाला ओरखडा पडे. पाटाखाली ओरखडे पडलेले तुकडे किती जमलेत ते पाहून मला शेजारच्या घरातलं हवामान कळायचं.

"नाना, आज वादळ व्हतं का काय?" मी कुंपणावरून विचारी.

"तू तुनं घर दख," नाना म्हणत, आणि पलीकडून भागाबाई म्हणत, "त्यासले काय इचारतस भाऊ, माले इचारा."

आधी नानांनी खाटेचे पाय केले, पाळण्यांच्या दांड्या केल्या, पोळपाट-लाटणी केली, रव्या केल्या. मग घराघरांत लोखंडी पलंग आले. लोखंडी पलंगाला कुठला खरादी लागतो? नाना तसे रिकामे बसले, पण कुरकुरले नाहीत. सातपुड्याकडून आणून ठेवलेलं हेदूचं पिवळसर लाकूड सावलीत रचून, त्यावर गोणपाट टाकून ते नुसते त्याच्याकडे बघत बसत. हेदू खरादासाठीच जन्माला आलाय असं त्यांचं मत.

बुचांची सुरुवात झाली ती गल्लीतल्या एका लग्नात. तेव्हा रुखवतात रंगीत पाण्याच्या बाटल्या मांडायची टूम निघाली होती. मुली इकडून तिकडून रिकाम्या बाटल्या मिळवत, चिठ्ठ्या भिजवून काढत, सोड्याने घासून लख्ख करत, लाल-हिरवं पाणी भरत, गळ्याला मणी बांधत. आणि एवढं करून तोंडात काय कोंबत, तर कापसाचा बोळा. नाना त्या रुखवतापुढे बराच वेळ उभे राहिले.

"बाटलीनी दाढ दुखी ऱ्हायनी का?" त्यांनी विचारलं.

बायका हसल्या. नाना हसले नाहीत. घरी आले, भागाबाईंना वादीवर बसवलं आणि त्या बाटलीसाठी कळसाच्या आकाराचं बूच कातलं. खरादावर फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवली की उष्णतेने लाख वितळून लाकडात मुरते, मग तेलाच्या फडक्याने चमकवतात. तो लाल-पिवळा कळस बाटलीवर बसला आणि वऱ्हाडातल्या बायका नवरी सोडून बाटली बघायला लागल्या.

तिथून जे सुरू झालं. डाळिंब झालं, कमळाची कळी झाली, विड्याची डबी वाटावी असं एक झालं. सगळ्यांत गाजली ती नवरा-नवरीची जोडी. नवरदेवाच्या डोक्यावर फेटा, त्याचे पेच वेगवेगळे मोजून घ्यावेत असे कातलेले, आणि नवरीच्या मानेवर अंबाडा. धुळ्याला द्या, जळगावला द्या, चोपड्याला द्या, आमच्याकडची मुलगी नांदायला गेली की तिच्या टीव्हीच्या डोक्यावर नानांची जोडी उभी. मी कुठेही पाहुणा गेलो तर सांगत असे, हा फेटा आमच्या भिंतीपलीकडे बांधलाय. निम्मा आवाज तर मीच सोसलाय.

नानांची एक अट असे. बाटली आणा, मगच बूच. प्रत्येक बाटलीचं तोंड निराळं, तयार बूच कुठेतरी सैल होणार, कुठेतरी अडणार. बुचाचा खालचा भाग ते किंचित निमुळता कातत, त्यावर बारीक आटे पाडत आणि आट्यांत मेण लावलेला सुती दोरा बसवत. दाबून उजवीकडे फिरवलं की बसतं, डावीकडे फिरवलं की निघतं. सरळ ओढलं तर बैल लावला तरी निघायचं नाही. या अटीपायीच पोत्याने बाटल्या त्यांच्या दारात येत, धुऊन कुंपणाला वाळत पडत, आणि सकाळच्या शांत वेळी नाना त्या एकेक करून वाजवत बसत.

आता द्रौपदाबाईंच्या कुंदाचं लग्न ठरलं. द्रौपदाबाई समोरच्या घरात राहतात. कुंदाला पंचशील पाठ करून घेतलं ते नानांनीच, ती जेमतेम बोलायला लागली तेव्हा. "मन्हं लगीन नानाच लावतीन," असं ती परकरात होती तेव्हापासून सांगत असे. रुखवतासाठी तिने होळीच्या सुमारास पळसाची फुलं जमवून उकळली, रंग टिकावा म्हणून पाण्यात तुरटी भरपूर टाकली, आणि ते तांबूस पाणी एका चपट्या, खांदेवाल्या बाटलीत भरलं. ती बाटली मुळात कशाची, हे कुंदाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायचं त्यांना आकारावरूनच कळत होतं, आणि आतल्या पाण्याचा रंगही नेमका तसाच जमला होता. नानांनी तिच्यासाठी आजवरचा सर्वांत देखणा नवरदेव कातला.

सुपारी फोडायला नरडाण्याहून वरपक्षाचे लोक आले ते सकाळीच. त्यांच्यात अभिमनमामा होते, मुलाचे मामा, दीपनगरला राहणारे. इस्त्रीचे कपडे, खिशाला दोन पेनं. आपल्याकडच्या लग्नात मंगल परिणय आपणच लावावा ही त्यांची जुनी हौस. गल्लीत शिरताना बाकीचे लोक समोरच्या घराकडे बघत होते, मामांनी डावीकडे पाहिलं. तिथे कुंपणाला बाटल्या, आणि आत हिलालनाना डोळे मिटून एक बाटली तोंडाला लावून बसलेले.

मामा तिथे काही बोलले नाहीत. नरडाण्याला जाऊन बोलले. तिथून ते शिरपूरच्या स्टँडपर्यंत पोचलं, आणि लग्न तोंडावर आलं असताना निरोप आला. पंचशील मामा देतील. तुमच्याकडच्या त्या गृहस्थांना तेवढं थांबवा.

द्रौपदाबाई डोळ्याला पदर लावून नानांच्या अंगणात आल्या. मी कुंपणाशी होतोच.

"नाना, तुम्ही एकदाव सांगी टाका ना त्यासले. फुकरतस म्हनीसन सांगा."

"काय सांगू? मन्हं तोंड हुंगा म्हनीसन सांगू?" नानांनी हातातली पटाशी खाली ठेवली नाही.

"माले सांगू द्या," भागाबाई वादी टाकून उठल्या. "मी नरडानाले जास आनि दखाडस त्यासले बाटली कशी वाजस ते."

"तू बस," नाना म्हणाले. "अक्का, पोरनं लगीन शे. भांडन नको. मामा पंचशील देतीन ते देवू द्या. मी येसू, मांगला रांगमा बससू. पन बुचं रुखवतमा तठेच ऱ्हातीन."

एवढं बोलून ते परत कातायला बसले. भागाबाईंनी वादी ओढली, आणि त्या दिवशी पाटाखाली जे तुकडे पडले ते पाहून मी काही विचारायला गेलो नाही. मी नानांना चेष्टेत पुष्कळ टोचलं आहे, पण त्या संध्याकाळी ते विहाराच्या ओट्यावर एकटेच बसलेले दिसले तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट गल्लीने बरेच दिवस लक्षात ठेवली.

लग्नाच्या दिवशी ऊन असं, की मांडवाखालची सतरंजीसुद्धा पायाला चटके देत होती. द्रौपदाबाईंचं घर लहान, म्हणून रुखवत मांडलं होतं माझ्या पुढच्या खोलीत. तोरणं, साबणाचे हंस, शेवयांची परडी, आणि मध्यभागी कुंदाच्या बाटल्या, त्यांवर नानांची बुचं. वरपक्षाच्या बायका अजून यायच्या होत्या. मी आतल्या खोलीत पांढरा सदरा घालत होतो, कारण लग्नाला येणाऱ्या साऱ्यांनी पांढरं घालावं असं ठरलं होतं. दाराच्या फटीतून दिसलं की अभिमनमामा खोलीत शिरले.

मला वाटलं, पंचशीलाची उजळणी करायला सावली शोधत असतील. त्यांनी एकेक वस्तू पाहिली, साबणाच्या हंसाची मान ठीक केली, आणि मग त्या चपट्या बाटलीपाशी थांबले. बाटली उचलून उजेडात धरली, रंग पाहिला. दाराकडे पाहिलं. मग नवरदेवाचा फेटा चिमटीत धरून ओढला. फेटा हलला नाही. दोन्ही गुडघ्यांत बाटली धरून ओढला, तरी हलला नाही. मी आत माझ्या सदऱ्याची गुंडी दातात धरून उभा होतो, हसू येऊ नये म्हणून. तर मामांनीही तेच केलं. नवरदेवाचा फेटा दातांत धरला आणि मान गर्रकन फिरवली.

मान फिरली ती नेमकी डावीकडे. भक्क असा आवाज झाला, बूच दातांत राहिलं आणि बाटलीतलं पाणी मामांच्या छातीवर उडालं. पण एवढ्यावर माणूस थांबतो का? त्यांनी बूच हातात घेतलं आणि उरलेल्यातला मोठा घोट घेतला.

पळसाच्या पाण्याला चव नसते फारशी. तुरटीला असते. मामांचा चेहरा आत ओढला गेला, गाल एकमेकांना भेटायला निघाले, जीभ कुठेतरी टाळ्याला चिकटली. आणि त्याच वेळी द्रौपदाबाई वरपक्षाच्या बायकांना घेऊन रुखवत दाखवायला दारात उभ्या राहिल्या, मागे वरपिता, आणि सगळ्यांच्या मागे, नको नको म्हणत भागाबाईंनी ओढून आणलेले हिलालनाना.

मी बाहेर आलो. मला एक शब्द बोलावा लागला नाही, याचा आनंद मला आजही आहे. पांढऱ्या सदऱ्यावर केशरी डाग, मिशा केशरी, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात नवरदेव. मामांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तुरटीने आवळलेल्या तोंडातून आलं ते एवढंच, "प... पाहत होतो."

"रंग पक्का आहे का ते?" मी विचारलं.

बायकांत जी खसखस पिकली ती थांबेना. द्रौपदाबाईंना रडावं की हसावं कळेना. हिलालनाना मात्र कोणाकडे न बघता पुढे आले, मामांच्या हातातून बूच घेतलं आणि उजेडात धरून फिरवून पाहिलं. फेट्याच्या दुसऱ्या पेचावर दातांची रांग उमटली होती. नानांनी अंगठ्याने ती चाचपली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चांगल्या कामाला खोक पडली की खरादी आधी काय टिकलं तेच बघतो.

"लाख नही निघनी," ते भागाबाईंना म्हणाले. "लाकूड बी नही फाटनं."

"वादी कोनी वढेल व्हती?" भागाबाई म्हणाल्या.

वरपिता शहाणा माणूस. त्यांनी मेहुण्याच्या सदऱ्याकडे एकदा पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग दोन्ही हात जोडून म्हणाले, "हिलालनाना, पंचशील तुम्ही द्यायचं. आमच्या अभिमनला आज बोलता येईलसं दिसत नाही."

"मामासले इचारा आधी," नाना म्हणाले.

मामांनी मान हलवली. होकाराची होती.

मांडवात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या. कुंदा पांढऱ्या साडीत उभी राहिली, आणि नानांनी नेहमीच्या आवाजात त्रिशरण सुरू केलं. मागच्या रांगेतली पोरं गप्प झाली. एकेक शील ते म्हणत गेले, मांडव पाठोपाठ म्हणत गेला. पाचव्याला सगळ्या गल्लीचे डोळे पहिल्या रांगेतल्या केशरी डागाकडे गेले. मला वाटलं, आज नाना ते नेहमीपेक्षा सावकाश म्हणतील. मी असतो तर अक्षर अक्षर ताणलं असतं. नानांनी ते जसं दरवेळी म्हणतात तसंच म्हटलं, ना हळू ना घाईत, आणि कोणाकडेही पाहिलं नाही. कुंदाचा आवाज मात्र सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. मी तिथे उभा राहून, हा माणूस माझ्या भिंतीपलीकडे राहतो हे शेजारच्या दोन अनोळखी पाहुण्यांना सांगून टाकलं.

जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. पंगतीत वरपित्याने नानांना आपल्या शेजारी बसवलं, आणि नानांच्या दुसऱ्या बाजूला आले अभिमनमामा. बट्टीवर तूप पडलं, जीभ जरा सैल झाली, तसा माणूस गोड बोलायला लागला. वाईट नव्हता तो, उतावळा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाना, आमची चूक झाली. कला मोठी आहे तुमची. पण एक सांगा, आत साधं रंगाचं पाणी, तर बूच एवढं घट्ट कशाला करता?"

भागाबाई वाढता वाढता थांबल्या. नानांनी बट्टी कुस्करली, वरणात कालवली, एक घास खाल्ला आणि म्हणाले,

"मामा, बाटलीमा काय शे ते माले माहीत ऱ्हास. बाहेर कोन शे ते माहीत नही ऱ्हास. म्हनीसन घट्ट करस."